दार मालकाचं

आमचे भाडेकरू बन्सीभाऊ स्वतःच्या हाताने घराचं दार कधी लावत नाहीत. रात्री कडी घालायची ती वहिनींनी, सकाळी काढायची तीही वहिनींनीच. दोघं बाहेर निघाले, की हे जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभे आणि मागे वहिनी कुलूप लावतायत.

माणूस शिंगणापूरचा. तिकडे घरांना नुसत्या चौकटी, राखणीला शनिदेव. एमआयडीसीतल्या नोकरीपायी नगरला आले आणि सावेडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहिले. पहिल्याच दिवशी मला बजावलं, "दार तुमचं हाय मालक. मी फकस्त आत ऱ्हातो." तेव्हापासून पावसाळा आला की वरून हाक येते, मालक, तुमचं दार फुगलं. नळ गळला तर वायसर स्वतः बदलतील, पण बिजागरीला थेंबभर तेल घालतील तर शपथ!

वहिनींना मात्र स्वतःचं घर हवं होतं. रविवारी दोघं फ्लॅट बघायला जायचे. तिथे यांचा पहिला प्रश्न, बिनदाराचा मिळेल का? बिल्डर हसायचा आणि दोघं परत यायचे.

शेवटी मीच वैतागलो. म्हटलं, अहो घ्या की एखादं घर. चांगल्या भाडेकरूला स्वतःचं घर घ्या म्हणणारा मालक नगरमध्ये मी एकटाच असेन. तर म्हणाले, "भाड्यानं हाय तवर मी गावचाच. सोताच्या घराला सोता दार लावलं, की गाव सुटलं माझं." रिटायर झाल्यावर गावी जायचं, हे त्यांचं पालुपद. गावचं घर वाटणीत भावाकडे गेलेलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही.

माझाही एक नियम होता, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे त्यांचा लग्नातला फोटो कायम कपाटावर टेकवलेला. मागच्या दिवाळीत मी फराळाला वर गेलो होतो. वहिनी तो फोटो पुसता पुसता सहज म्हणाल्या, "मला माझ्या भिंतीत एकदा खिळा ठोकायचाय."

बन्सीभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. पुढच्या रविवारी त्यांनी बिल्डरला काहीच विचारलं नाही.

नव्या घराची वास्तुशांत झाली, जेवणं उरकली, पाहुणे पांगले. माझा मात्र पाय निघेना. रिकामा वरचा मजला मला खायला उठणार होता, खोटं कशाला बोलू! वहिनी हातोडी घेऊन भिंतीपाशी गेल्या होत्या. बन्सीभाऊ नव्याकोऱ्या दाराशी घुटमळत होते. कडीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. मग माझ्याजवळ आले.

"मालक, जाताना तेवढं दार ओढून घ्या. तुमाला सवय हाय."

मी बाहेर येऊन दार ओढलं. मिटता मिटता आत नजर गेली. बन्सीभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते, दोन्ही हातांत फोटो धरून. दार लागलं आणि आत वहिनींनी खिळ्यावर पहिला घाव घातला.