तेवीसपैकी तेवीस

शहादा तालुक्यातल्या आपल्या घराच्या ओसरीत बसून ललितने दुपारी दोन वाजता कामाचा इतिहास स्वच्छ करायला घेतला. संगणकवाले याला रिबेस म्हणतात. महिनाभरात केलेले तेवीस बदल एकेक करून नव्या प्रतीवर असे चढवायचे, की आपल्या हातून कधी चूक झालीच नव्हती असं दिसावं. कार्यालयात याला शिस्त म्हणतात.

हे बदल एका साखर कारखान्याच्या ऊसतोड नोंदणीतले होते. त्यातला एकोणिसावा घरचा. ललितचे वडील हिंमतराव यांच्या नावापुढे यंत्रणा ‘तोडणी पूर्ण’ दाखवत होती आणि ऊस तर तुरे काढून उभा होता. ही चूक ललितचीच, दुरुस्तीही त्याचीच. पाच वाजता नवी आवृत्ती कारखान्याकडे गेली, की उद्याच्या यादीत हिंमतरावांचं नाव तोडणी बाकी असलेल्यांत लागणार होतं.

पहिल्याच पायरीवर काम अडलं. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळं लिहिलंय, कोणतं ठेवू, असा प्रश्न पडद्यावर आला. ती ओळ प्रगतीपत्रकाची होती. कार्यालयातल्या प्रत्येकाने प्रत्येक बदलासोबत टक्केवारी त्याच ओळीत लिहावी, हा नियम खुद्द ललितने सुचवला होता. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र समोरच्या भिंतीवर होतं. आता तेवीसही पायऱ्यांवर हेच भांडण सोडवायचं होतं. ललितने खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ केली.

दर पंधरा मिनिटांनी पुण्याच्या कार्यालयातून वरिष्ठ रूपाली मॅडमचा फोन येई. “ललित, किती?”

“तेवीसपैकी नऊ, मॅडम.”

“छान. आकडा हलता ठेव.”

साडेचारला हिंमतराव डोकावले. “कितलं झायं रे?”

“अठरा झायात, आबा.”

आई रंजनाबाई शेंगा निवडता निवडता म्हणाली, “इतलं भांडण व्हस तं रद्द करी टाक ना. व्हतं तसं व्हई जाई.”

बाई कधी संगणकाला शिवली नव्हती, पण बोलली ते शंभर टक्के खरं होतं. रद्द केलं असतं तर सगळं जागच्या जागी परत आलं असतं. ललितच्या ते जिवावर आलं. “व्हई जाई, माय. पन मंग आकडा शून्य दखाई.”

एकोणिसाव्या पायरीवर पहिल्यांदाच खरं भांडण निघालं. पत्रकाच्या ओळीशिवाय हिंमतरावांच्या नोंदीवरही दोन मतं होती. पाचला दहा मिनिटं उरलेली. ते सोडवायला अर्धा तास हवा होता. पण एक सोय होती. बदल गाळला तरी आकडा पुढे सरकतो. ललितला स्वतःची लाज वाटली आणि त्याने बदल गाळला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर तेवीसपैकी तेवीस उमटलं. रूपाली मॅडमनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. इतका स्वच्छ इतिहास कार्यालयात आजवर कुणाचा नव्हता.

सकाळी हिंमतराव चष्मा लावून मोबाइलवरची यादी वाचत बसले. दोनदा वाचली.

“ललित, आठे तं लिखेल शे का तोडनी पुरी झायी. मंग वावरमा उभं शे ते काय शे?”

ललितकडे आकडा होता. तो त्याने सांगितला.

गोष्ट इथे पूर्ण झाली. वाचकांनीही वाचून झाल्याची खूण करायला हरकत नाही. ऊस अजून उभा आहे.