आव्हिन्यों: सव्वाअकरा ते पावणेबारा

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों या जुन्या शहरात एक पूल आहे. तो नदीच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. बावीस कमानींपैकी अठरा पुरांनी नेल्या, चार उरल्या. हा अर्धा पूल पाहण्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्या माणसाला इंग्लंडातून व्हिसाच्या अर्जाला चौदा कागद जोडावे लागत, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पूल अख्खा असता तर अठ्ठावीस लागले असते.

सुलक्षणा देवस्थळीला तो पूल पंधरा वर्षांपासून पाहायचा होता. पुण्यात फ्रेंचच्या वर्गात भिंतीवर त्याचं चित्र होतं आणि चारही वर्षं ती त्याच्यासमोरच्याच बाकावर बसली. तुटक्या टोकाशी उभं राहून खालची नदी बघायची, एवढीच तिची मागणी. नवरा मिलिंद याच्याबरोबर ती इंग्लंडात मेडनहेडला आली. त्यानं तिला सगळं काही दिलं, मागच्या बागेतल्या शेडसकट. पूल तेवढा राहिला होता. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये एकदाचा त्याचाही मुहूर्त लागला.

चौदा कागदांतला नववा म्हणजे सहलीचा रोजचा कार्यक्रम. लोक तो चार ओळींत उरकतात. पण मिलिंद सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट मॅनेजर. त्यानं एक्सेलमध्ये अकरा पानं केली, पंधरा-पंधरा मिनिटांची. सोमवार: साडेनऊ ते अकरा, पोपचा राजवाडा. सव्वाअकरा ते पावणेबारा, पूल. बारा ते एक, स्थानिक भोजन. व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी ती अकरा पानं उचलली, खाली ठेवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. चार दिवसांनी व्हिसा आला.

"त्यांनी वाचलंसुद्धा नाही," सुलक्षणा म्हणाली.

"अप्रूव्ह झालंय," मिलिंद म्हणाला. "आता ते पाळावं लागणार."

"सहलीचा कार्यक्रम?"

"सही करून दिलाय, सुलू. पुढच्या वर्षी आपला इथे कायम राहायचा फॉर्म जायचाय. सोमवारी सव्वाअकराला तुम्ही कुठे होतात, असं कुणी विचारलं तर?"

असं जगात कुणी कुणाला विचारत नाही, हे सुलक्षणाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं सोमवारचं पान एकदा वाचून घेतलंच.

सोमवारी ठीक साडेनऊला दोघं राजवाड्यात शिरली. चौदाव्या शतकात पोप मंडळी रोम सोडून इथे राहायला आली होती. पुढे परत गेली आणि जाताना सामानही घेऊन गेली असावीत, कारण आत मोठमोठी रिकामी दगडी दालनं होती. मिलिंदनं प्रत्येक दालनाचा तारीख-वेळ छापलेला फोटो काढला. दहा वाजून दहा मिनिटांनी राजवाडा संपला.

"चल ना," सुलक्षणा म्हणाली. "पूल इथून दहा मिनिटांवर आहे. मोकळा वेळ तिथे घालवू."

"मोकळा वेळ कुठाय? आपण राजवाडा बघतोय."

मग पन्नास मिनिटं दोघांनी अंगणात उभं राहून एक भिंत बघितली. भिंत चांगली होती. अकराला निघताना मिलिंदच्या लक्षात आलं, की सुलक्षणाचं तिकीट नाही. तिकीट म्हणजे पुरावा. त्यानं राजवाड्यातल्या तीन कचरापेट्या पालथ्या घातल्या. तिकीट सापडलं ते त्याच्याच फाइलीत, 'तात्पुरते पुरावे' या कप्प्यात. पुलाशी पोचेपर्यंत अकरा त्रेचाळीस झाले होते.

दाराशी एक म्हातारे रखवालदार होते. सुलक्षणा त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलली, आणि त्यांना ते समजलं. तिला इतका आनंद झाला, की क्षणभर ती पूलही विसरली. ते म्हणाले, "सावकाश जा बाई. हवं तर संध्याकाळपर्यंत बसा. पूल काही पुढे जाणार नाही."

तिनं मिलिंदला सांगितलं. मिलिंदनं घड्याळ बघितलं.

"लिहून देतील का ते?"

हे फ्रेंचमध्ये विचारायची तिला लाज वाटली. समोर पुलाचं टोक स्वच्छ दिसत होतं, दोन मिनिटांची वाट. कुणी हात धरला नव्हता. पण पाय उचलला जाईना. इतक्या वर्षांत ते चौदा कागद तिच्याही अंगात मुरले होते. अकरा चव्वेचाळीसला दारातला फोटो निघाला. बाराला स्थानिक भोजन झालं. त्याची चव तिला लागली नाही, कारण ती रडू आवरत होती.

परत आल्यावर कुणीही काहीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी कायम राहायचा शिक्काही मिळाला, फाइल न उघडता. मिलिंदच्या मते तो फाइलीमुळेच मिळाला.

विचारलं ते लंडनमधल्या हाउन्सलोच्या मधुमतीनं, गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत. "कसा आहे गं तो पूल?"

"अप्रतिम," सुलक्षणा म्हणाली. "टोकावर जाऊन उभं राहिलं ना, की वेळेचं भानच राहत नाही."

मधुमतीनं त्याच रात्री मिलिंदकडून ती एक्सेल मागवून घेतली. तिच्याकडून ती एजवेअरच्या ओळखीच्यांकडे गेली. त्यानंतर दर ऑगस्टमध्ये तीन-चार मराठी कुटुंबं पोपच्या अंगणात अकरा वाजेपर्यंत उभी असतात. परत येऊन सगळी सांगतात, की टोकावर वेळेचं भान राहत नाही.

तुम्हालाही फाइल हवी असेल तर मिलिंद आनंदानं पाठवतो, फक्त नावं बदलून घ्या. पुलाच्या टोकाशी नेमकं काय आहे, ते मात्र त्याला विचारू नका. आपल्यातलं तिथवर अजून कुणी गेलेलं नाही.