ओलावा पंचाहत्तर टक्के

"टाका बशीत," गाईडसर म्हणाले.

गोळी बशीत पडली, टण्णकन वाजली आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

गोळी दिसायला गरीब, पण स्वभावाने महाबिलंदर. ओलाव्याशी तिचं हाडवैर. जरा दमट हवा लागली की औषधाचा चिखल! औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करताना ताईने कितीतरी वर्षं घासून तिच्यासाठी एक पातळ कवच बनवलं होतं. ते टिकतं का, हे बघायला गोळ्या सहा महिने एका कपाटाएवढ्या यंत्रात कोंडल्या होत्या. आत उकाडा चाळीस अंश, ओलावा पंचाहत्तर टक्के. माणसाला कोंडलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी न केलेले गुन्हे कबूल केले असते. गोळ्या मात्र बाहेर आल्या त्या खडखडीत! आता शुक्रवारी प्रबंध सादर केला की ताई डॉक्टर.

हा सोहळा बघायला ताईने आईला मुद्दाम लॅबमध्ये आणलं होतं. उसना पांढरा कोट घालून, बाह्या दुमडत आई यंत्राभोवती फिरत होती. मागच्या बाजूला जाऊन ती थबकली.

"अगंबाई, हे अजून बंदच?"

"काय बंद?"

"हे खालचं बटण. मागे मला लॅब दाखवायला आणलंस, गोळ्या नुकत्याच आत ठेवल्या होत्यास बघ. तू हात धुवायला गेलीस आणि हे आपलं एकटंच फुसफुसतंय. म्हटलं, माणूस नाही काणूस नाही, उगाच वाफ कशाला? केलं बंद. म्हटलं, लागेल तेव्हा लावाल."

ताई आणि सर धावतच यंत्रामागे आले.

वरचं बटण उकाड्याचं. ते चालू होतं. खालचं ओलाव्याचं.

"अशक्य!" सर म्हणाले. "समोर आकडा दिसतोय ना पंचाहत्तर!"

ताईने यंत्राचं दार सताड उघडलं. पंचाहत्तर. पुठ्ठ्याने वारा घातला. पंचाहत्तर. सरांनी काचेवर टिचकी मारली, मग बुक्की मारली. आकडा ढिम्म.

म्हणजे गोळ्या सहा महिने कोरड्या उबेत लोळत होत्या. त्यांची परीक्षा झालीच नव्हती! त्या नुसत्या माहेरी राहून आल्या होत्या.

"आई, तू माझी पीएचडी बंद केलीस," ताई हळूच म्हणाली. तिला रडायचं होतं, पण नेमकं कुठून सुरू करावं ते कळेना.

"मग लाव की आता. बटणच आहे ना?"

"सहा महिने पुन्हा, आई! पहिल्यापासून!"

सरांनी लॅबचा दरवाजा लोटून घेतला आणि आवाज खाली आणला. "हे बघा, आपण तिघंच आहोत. गोळ्या टणटणीत आहेत. आकडाही बोलतोय. शुक्रवारी सादर करून टाकू. काय?"

ताईला मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगला घसघशीत झाला. नावाआधीचं 'डॉ.' तिला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं, टिंबासकट. मग तिने बशीतल्या गोळीकडे बघितलं. उद्या कुणीतरी आजारी माणूस आपल्या दमट खोलीत ताईच्या भरवशावर पाकीट फोडणार, आणि आतून निघणार चिखल.

"नाही सर," ती म्हणाली. "माझं कवच टिकतं का, हे मलाच अजून माहीत नाही."

तिने वाकून खालचं बटण दाबलं. यंत्राने एक लांब सुस्कारा सोडला. फुस्स! मग तिने शिल्लक गोळ्यांचा ट्रे आणि ओलावा मोजायला एक वेगळा मापक आणून आत ठेवला आणि दार लावून घेतलं.

आता सर ओरडणार, म्हणून ताईने डोळे मिटले. पण सर ओरडले नाहीत. ते आकड्याकडे एकटक बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खडूसारखा पांढरा पडत चालला होता.

"सर, पाणी देऊ?"

"माझी पीएचडीसुद्धा याच यंत्रावर झाली," सर पुटपुटले. "तेव्हाही पंचाहत्तरच असायचा. एकदाही हलला नाही. आम्ही कौतुक करायचो त्याचं!"

आईने स्टूल ओढलं आणि पदराने पुसून सरांपुढे ठेवलं.

"बसा," ती मायेने म्हणाली. "सहाच महिने तर आहेत. हिच्याबरोबर तुमचंही होऊन जाईल."