अडीच फुटांचं असमाधान

शहरातला प्रत्येक नागरिक नगरपालिकेवर समाधानी आहे, ही गोष्ट आता वादातीत आहे. वाद होता तो फक्त एका नागरिकाबद्दल, आणि तोही अडीच फुटांचा.

हा नागरिक घड्याळं दुरुस्त करायचा. रस्त्याला लागून घर, घराच्या पुढच्या खोलीत दुकान, दुकानाच्या पायरीपुढे गटार आणि गटारावर सिमेंटची एक फरशी, अशी त्याच्या जगाची रचना होती. निवडणुकीच्या आधी सर्वांगीण सुधारणा पक्षाचा ट्रक एक फलक घेऊन आला. फलकावर 'दर्जेदार सेवा, थेट तुमच्या दारी' असं लिहिलं होतं. फलक जड होता, ट्रक त्याहून जड होता. ट्रकचं मागचं चाक फरशीवर गेलं आणि फरशीचे चार तुकडे होऊन गटारात पडले. फलक मात्र व्यवस्थित लागला आणि पक्ष निवडून आला.

अडीच फूट म्हणजे काही समुद्र नव्हे. घड्याळजी उडी मारायचा, त्याची बायको पदर खोचून उडी मारायची, गिऱ्हाइकंही मनगट सांभाळत उडी मारायची. प्रश्न होता तो आईचा. आईचं वय एक्क्याऐंशी, आणि ती वॉकर धरून चालायची. वॉकरला चार पाय असतात, पण त्यातला एकही उडी मारत नाही. रोज दुपारी चारला आई रस्त्याच्या टोकाच्या बागेत जायची. तिथं तिसऱ्या बाकावर एक निवृत्त नर्सबाई पत्ते पिसत बसलेली असायची. अकरा वर्षं दोघी खेळत होत्या, अकरा वर्षं एकमेकींना लबाड म्हणत होत्या, आणि एकूण हिशेबात आई तीन डावांनी पुढे होती. फरशी फुटली आणि आई घरात अडकली. मग एक दिवस नर्सबाईचा फोन आला की तिनं खेळायला तात्पुरती पोस्टातली बाई घेतली आहे.

"तात्पुरती म्हणे!" आईनं फोन आपटला. "माझ्या जागेवर बसवली तिला. अरे, तुला केसाएवढा काटा बसवता येतो, एक फरशी बसवता येईना?"

घड्याळजीनं दुसऱ्याच दिवशी गटारावर एक जाड फळी टाकली. अडतिसाव्या मिनिटाला अतिक्रमण पथक आलं. सार्वजनिक गटारावर विनापरवाना पूल उभारल्याचा पंचनामा झाला, फळी जप्त झाली, फळीसोबत घड्याळजीचा फोटो काढण्यात आला. नगरपालिका वेळेवर काम करत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही अडतीस मिनिटं लक्षात ठेवावीत.

मग तो तक्रार खिडकीवर गेला. खिडकी बंद होती. वर पाटी होती: 'तक्रारी न उरल्यामुळे ही खिडकी बंद करण्यात आली आहे. याबाबत तक्रार असल्यास ती याच खिडकीवर नोंदवावी.'

अशा मनःस्थितीत असताना त्याच्या हाती समाधान सर्वेक्षणाचा फॉर्म पडला. पक्षानं सत्तेवर येताच सेवा सुधारण्याचा आराखडा आखला होता, आणि कोणतीही सेवा सुधारण्याआधी ती किती सुधारली हे मोजणं आवश्यक होतं. फॉर्मवर तीन चौकोन होते: समाधानी, अत्यंत समाधानी आणि भारावलो आहे. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, सर्वांत बारीक टोकाचं पेन घेतलं आणि फॉर्मच्या समासात चौथा चौकोन काढला. त्यापुढे 'असमाधानी' असं लिहून आत खूण केली. हात घड्याळजीचा होता. चौकोन छापलेल्या तिन्हींपेक्षा सरळ आला. कागद तपासणाऱ्या यंत्राला तो अधिकृत वाटला आणि यंत्रानं तो प्रामाणिकपणे मोजला.

साऱ्या शहरात असमाधानी: एक.

चौथ्या दिवशी समाधान अधिकारी आले. ते गटाराच्या पलीकडे उभे राहून म्हणाले, "काका, तुम्हाला नक्की कसला त्रास होतोय?"

"इकडे या, म्हणजे सांगतो."

अधिकाऱ्यांनी अंदाज घेतला, उडी मारली, आणि उजवा पाय घोट्यापर्यंत गटारात गेला. एक बूट चिकचिक वाजवत ते आत येऊन बसले आणि त्यांनी वहीत लिहिलं: 'जागेची समक्ष पाहणी केली.'

"आता कळलं का?" घड्याळजीनं विचारलं.

"मला आधीच माहीत होतं हो. मी बांधकाम खात्यातच होतो. असली फरशी बसवायला मला अर्धा तास लागतो."

"मग बसवा की!"

"आता मी समाधान खात्यात आहे ना. लोक समाधानी निघाल्यावर बांधकाम खातं लागतंय कशाला? सगळं खातं इकडे वळवलं." अधिकारी मोजा पिळत म्हणाले. "पण काळजी करू नका. आपल्या शहरात फरशांचा मोठा कारखाना येणार आहे. आर्थिक आराखड्यात पान नऊवर आहे तो. कारखाना आला की पहिली फरशी तुमची."

"कारखाना कधी येणार?"

"गुंतवणूकदार आले की. त्यांची एकच अट आहे, शहर शंभर टक्के समाधानी पाहिजे. ते एकदा झालं..." अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे हळुवारपणे पाहिलं. "म्हणजे बघा, फरशी तुमच्यामुळेच अडली आहे."

आतून आईचा आवाज आला. "अरे, त्या माणसाला म्हणावं, पाय धुऊन जा. वास येतोय."

प्रकरण पक्षाच्या शहरप्रमुखांपर्यंत गेलं. त्यांना सगळे तात्काळभाऊ म्हणत, कारण कुठल्याही अर्जावर ते 'तात्काळ' असा शेरा मारत आणि अर्ज पुढे सरकवत. भाऊंनी नकाशा मागवला, पेन्सिल मागवली आणि घड्याळजीच्या घराभोवती एक चौकोन काढला. हा चौकोन वाकडा आला, पण अधिकृत ठरला. घड्याळजीचं घर जुन्या प्रभागातून वगळण्यात आलं आणि त्याचा स्वतंत्र प्रभाग क्रमांक बेचाळीस झाला. उरलेले एक्केचाळीस प्रभाग त्याच संध्याकाळी शंभर टक्के समाधानी जाहीर झाले. बेचाळिसाव्यापुढे 'विचाराधीन' लिहिलं गेलं.

शेजारचा चष्मेवाला गटाराच्या कडेला येऊन म्हणाला, "परमुलखात राहायला गेलात म्हणे. तिकडची हवा कशी आहे?"

"तुमच्याकडचाच वास येतो," घड्याळजी म्हणाला.

पण कायदा असा, की प्रभाग आला की प्रतिनिधी आला, आणि प्रतिनिधी आला की निवडणूक आली. चिठ्ठी काढण्यात आली आणि प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला. दुसऱ्या दिवशी तात्काळभाऊ हार घेऊन आले, पडता पडता उडी मारली आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, पक्ष तुमच्याकडे मोठ्या आशेनं पाहतोय." त्यांची पाठ फिरते न फिरते तोच विरोधी पक्षाचे लोक आले आणि त्यांनी हार आईच्या गळ्यात घातला.

"आई, तुम्ही खरंच उभ्या राहणार?" बायकोनं विचारलं.

"मी कुठली उभी राहतेय? मी बसूनच लढणार."

दोघींचे जाहीरनामे एकाच कलमाचे होते. आईचं कलम होतं फरशी. बायकोचं कलम होतं फरशी, पण लवकर. मतदार तीन. दोघींची दोन मतं दोघींना पक्की, त्यामुळे सारी लोकशाही घड्याळजीच्या डोक्यावर येऊन बसली. सकाळी बायको न मागता दुसरा चहा आणून द्यायची. दुपारी आई त्याला लहानपणी झालेल्या विषमज्वराची आठवण करून द्यायची, आणि त्या वेळी तिनं किती रात्री जागून काढल्या याचा आकडा दर दिवशी वाढायचा.

"अहो, तुमचा कल कुणाकडे आहे?" बायको विचारी.

"मतदान गुप्त असतं."

"तीन मतांत काय डोंबल गुप्त राहणार?"

मतदानाचा दिवस उजाडला. केंद्र प्रभागातच हवं आणि प्रभाग म्हणजे हे घर, म्हणून दुकानाच्या टेबलावरची घड्याळं बाजूला सारून मतदान यंत्र मांडण्यात आलं. सहा कर्मचारी, एक शिपाई, एक पोलीस असा फौजफाटा होता. त्यांचे प्रमुख म्हणून समाधान अधिकारीच आले होते. या वेळी त्यांच्या पायात गमबूट होते. आणि नियमच होता, की ज्येष्ठ मतदारांना केंद्रात विनासायास येता यावं म्हणून रॅम्प लावावा. आई केंद्राच्या आतच राहत होती, पण नियम तो नियम. सकाळी सातला टेम्पोतून एक दणकट लोखंडी रॅम्प उतरवून गटारावर टाकण्यात आला.

आईनं आतल्या दारातून तो पाहिला. सात महिन्यांत तिच्या दारापुढे पहिल्यांदाच जमीन होती.

दोघी उमेदवारांनी ठरवलं होतं, हा मत देईल तेव्हाच आपण द्यायचं. घड्याळजी दिवसभर एकाच गजराच्या घड्याळाशी झटापट करत बसला. यंत्राकडे बघायचं त्यानं टाळलं. पावणेचारला आई इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली आणि वॉकर सरळ रॅम्पकडे वळवला.

"आजी, मतदान इकडे आहे," अधिकारी म्हणाले.

"पाचपर्यंत आहे ना रे? आले तासाभरात."

उतरताना एका बाजूनं धरायला मुलगा लागला, दुसऱ्या बाजूनं धरायला सून लागली. अशा रीतीनं प्रभाग क्रमांक बेचाळीस संपूर्णपणे बाहेर पडला.

बागेत तिसऱ्या बाकावर पोस्टातली बाई बसली होती. आईनं वॉकर तिच्या पायाशी टेकवला आणि नुसती उभी राहिली. बाई उठली.

"जिवंत आहेस होय!" नर्सबाई म्हणाली.

"तीन डाव घेणं आहेत तुझ्याकडून. पिस."

पत्ते वाटले गेले. पहिली दोन पानं पडेपर्यंतच दोघींनी एकमेकींना लबाड म्हणून घेतलं. बायको पोस्टातल्या बाईशी बोलत बसली. घड्याळजीला कितीतरी दिवसांनी झाडाखाली बसायला मिळालं होतं. दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं हाताळणारा हा माणूस स्वतःच्या मनगटावर काही बांधत नसे. त्यानं बागेच्या मनोऱ्यावर पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मनोऱ्यावरचं घड्याळ नगरपालिकेचं होतं.

लक्षात आलं तेव्हा आई हातातली पानं घट्ट धरून, "डाव मोडायचा नाही, तुझी पानं तुझ्याकडे, माझी माझ्याकडे!" असं नर्सबाईला बजावत निघाली. पण वॉकर घाई करत नाही. घरापाशी पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मतदान शून्य टक्के झालं होतं. यंत्र मोहोरबंद झालं होतं, आणि रॅम्प टेम्पोत चढला होता.

आई गटाराच्या या काठावर, घर त्या काठावर.

"साहेब, दहा मिनिटं टाका ना तो रॅम्प," घड्याळजी म्हणाला. "आईला आत नेतो."

"रॅम्प निवडणुकीचा होता काका, निवडणूक संपली." अधिकाऱ्यांनी विचार केला. ते मनानं वाईट नव्हते. "पण समाधान खात्याची घरपोच सेवा म्हणून देता येईल. फक्त सेवेचा अभिप्राय आधी भरून द्यावा लागतो." त्यांनी फॉर्म पुढे केला. चौकोन तेच तीन होते. या वेळी फॉर्मला समास ठेवलेला नव्हता.

"हे खोटं आहे," घड्याळजी म्हणाला.

"काका, शेजारच्या चष्मेवाल्यांनी दुकानाच्या पाटीसाठी भरला. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं नळासाठी भरला. सहीसाठी, दाखल्यासाठी, नुसतं आम्ही दारातून जावं म्हणूनसुद्धा लोकांनी भरलेत." अधिकारी आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं, सगळं शहर खरंच भारावलंय?"

चष्मेवाला दुकानाच्या काचा पुसू लागला.

"अरे, भर ना," आई म्हणाली. "माझे गुडघे थरथरतायत."

घड्याळजीनं खिशातून पेन काढलं. भिंगाची गरज पडली नाही. 'भारावलो आहे' या चौकोनात त्यानं खूण केली, आणि हात घड्याळजीचाच असल्यामुळे ती अगदी मधोमध आली. रॅम्प उतरला, आई आत गेली, नवव्या मिनिटाला रॅम्प परत टेम्पोत चढला.

त्याच आठवड्यात शहर शंभर टक्के समाधानी जाहीर झालं. प्रभाग बेचाळीसचं प्रयोजन संपल्यामुळे तो खोडरबरानं पुसण्यात आला. गुंतवणूकदार आले, शहरभर हिंडले, जेवले आणि म्हणाले की इतक्या समाधानी लोकांना नव्या फरशा कशाला लागतील? कारखाना त्यांनी शेजारच्या शहरात काढला. तिथले लोक फार कुरकुर करतात.

आई आता खिडकीत बसते. तिची सात पानं उशीखाली आहेत. सून ती कुणाला बघू देत नाही.

"पुढची निवडणूक कधी आहे रे?" परवा तिनं विचारलं.

"पाच वर्षांनी," घड्याळजी म्हणाला.