घड्याळजींची सकाळची गोळी

"गोळी घेतलीत का?" बायकोने आतून विचारलं.

"घेतली असेल," घड्याळजी म्हणाले.

"असेल म्हणजे? तुमच्या पोटात गेली की माझ्या?"

गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा रिकामा होता, पण घड्याळजींचे हात थरथरत होते. डॉक्टरीणबाईंनी त्या थरथरीवर दिलेली गोळी वेळेवर घेतली, की हात बरेचसे ताळ्यावर येत. आज तर ते यायलाच हवे होते. नव्या संसारात त्यांनी बायकोला दिलेलं घड्याळ टेबलावर उघडं पडलं होतं. संध्याकाळी तिच्या शाळेतल्या मैत्रिणी जमणार होत्या आणि तोवर ते चालू करून देतो, असा त्यांचा शब्द होता. दुकान होतं तेव्हा गावभरची घड्याळं त्यांच्या बोटांना वचकून चालत. घरच्या घड्याळानेच अडून बसावं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

"आणखी एक घेऊन टाकतो."

"खबरदार!" तिने डबी काढून घेतली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"नक्की आठवत नसेल तर दुसरी मुळीच नको," त्या म्हणाल्या. "आता दुपारची, तिच्या वेळेला, एकच. चक्कर आली किंवा काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा."

घड्याळजी खिडकीकडे तोंड करून बसले. मग हळूच म्हणाले, "तूच बस टेबलाशी. मी सांगतो."

ज्या टेबलावर त्यांनी तिला कधी फडकं मारू दिलं नव्हतं, तिथे ती डोळ्याला भिंग लावून बसली.

"चिमटा हलका धर गं. भाजी नाही परतायची."

"तुम्हाला सांभाळलं जन्मभर, याचं काय एवढं!"

दुपार झाली. शेवटचा स्क्रू तेवढा राहिला. बारीक वस्तू हरवू नये म्हणून उपड्या पितळी पेल्याखाली ठेवायची, ही घड्याळजींच्या हातांची जुनी सवय. तिने पेला उचलला. स्क्रूशेजारी सकाळची गोळी सुखरूप बसली होती.

"घेतली असेल!" तिने त्यांची नक्कल केली.

"मग आता दोन्ही..."

"एकच! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

त्यांनी निमूटपणे दुपारची तेवढी घेतली. काही वेळाने हात स्थिरावले. ते त्यांनी ऐटीत पुढे केले.

"आण चिमटा. स्क्रू मी बसवतो."

तिने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.

"सरका जरा. उजेड अडतोय."

घड्याळजी सरकले. टेबलावर टिकटिक सुरू झाली.