हकीकत सॅन्टन मास्तरांचे करवतीची आणि फ्लेक्सचे पाडावाची

ईश्वर स्मरून आणि निर्मळचे तळे साक्षी ठेवून ही हकीकत लिहिली असे. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही ते मास्तरांचे कुटुंब सालोमीबाई यांनी सांगितले म्हणोन लिहिले. बाईंचे सांगणे खोटे म्हणावयाची सबंध निर्मळात कोणाची छाती नाही, सबब हे सर्व खरे जाणावे.

राजमान्य सॅन्टन मास्तर, मौजे निर्मळ, शाळेत चित्रकलेचे माजी सुभेदार, हल्ली मुक्काम पडवीतील टेबल, यांचे लग्नास पन्नास वर्षे भरत आली, आणि रविवारी चर्चमध्ये उपकाराचा मिस्सा, म्हणजे आभाराची उपासना, मग अंगणात मांडव, ऐसा बेत ठरला. तो वटारहून मेहुणे कॅल्विनराव स्कूटरवर स्वार होऊन दाखल जाहले, आणि मांडवाचे तोंडाशी फ्लेक्स चढवू, त्यावर ताई-भावोजींची तोंडे मोठी आणि सकल नातलगांची लहान, ऐसी मसलत मांडली. कॅल्विनरावांचे स्वतःचे तोंड त्यात गॉगलसहित आगाऊच बसविले होते.

सालोमीबाईंनी फर्मान सोडिले की फ्लेक्स नको. कारण गावात फ्लेक्सचा अंत काय होतो हे जगजाहीर आहे. चुलतसासऱ्यांचे नव्वदीचा फ्लेक्स हल्ली सरपणावर पांघरलेला असे, आणि त्यावरील सासरेबुवा सबंध पावसाळा हसतमुखाने भिजले. आपले तोंड कोंबड्यांचे खुराड्यावर जाऊ नये, इतकीच बाईंची इच्छा. पन्नास वर्षांत बाईंनी फारसे काही मागितले नव्हते, हे मास्तरांस पुरते ठाऊक होते, आणि ते त्यांचे काळजास लागले. मग मास्तरांनी भर पंक्तीत विडा उचलिला की लग्नाचा जुना फोटो लाकडात जाळीकाम करून स्वहस्ते कापीन. कॅल्विनराव गालात हसले, आणि तह जाहला की शनिवारी दुपारपर्यंत लाकूड उभे न राहिल्यास फ्लेक्स चढेल.

फोटो वसईचे स्टुडिओतील. मागे काळा पडदा, नवरीचा झगा पांढरा, जमिनीस टेकलेला, नवरदेवाचा सूट काळा, चुलतभावाचा मागून आणलेला, आणि उभयतांचे मध्ये तिसरा माणूस खुशाल मावेल इतके अंतर. सासू-सासरे कॅमेऱ्याशेजारी खडे होते, सबब हात धरावयाचा नवरदेवास धीर जाहला नाही.

स्क्रोल सॉ नामे बारीक पात्याची करवत पडवीत होतीच. परंतु तीस वाट दाखविणारा नकाशा पाहिजे, आणि तो संगणकातील वेक्टर मुलखातून आणावा लागतो. तेथे रेघ म्हणजे रेघ नव्हे, नोड नामे ठिपक्यांनी ताणून धरिलेली दोरी. एक ठिपका ओढावा तो रेघ भलतीकडेच पळते. ज्यांनी हयातभर फळ्यावर एका दमात हत्ती काढिले, त्या मास्तरांस माउस जुमानेना. फोटोवरून आपोआप रेघा काढणारा ट्रेस नामे हुकूम सोडिला, तो यंत्राने ठिपक्यांची ऐसी फौज उतरविली की सालोमीबाईंचे नाकावर मुंग्यांचे वारूळ बसले. मग मास्तर ठिपके पुसू लागले, आणि पुसता पुसता नाकही गेले, आणि अनडू नामे परमकृपाळू कळ दाबोन परत आणिले. चहा घेऊन आलेल्या सालोमीबाई आपले नाक येते-जाते ते पाहात राहिल्या, आणि कप ठेवून गेल्या.

काळे ते कापावे, पांढरे ते राखावे, हा या कामाचा कायदा. शुक्रवारी नकाशा छापून प्लायवर चिकटविला आणि रण माजले. पाती तुटली, भुशाने मिशा पिकल्या, आणि कॅल्विनराव फ्लेक्सची गुंडाळी बगलेत मारून पाहणीस आले, त्याच क्षणी शेवटचा काप पुरा जाहला आणि नवरदेव टेबलाखाली कोसळले. काळा पडदा गेला, काळा सूट गेला, मग मुखास आणि सदऱ्यास धरावयास उरले काय? संगणकात सारे अधांतरी उभे राहते, लाकडात राहात नाही. नवरी मात्र झग्याचे बळावर ठाम उभी होती.

“भावोजी, ताई बघा कशी उभी हाय!” कॅल्विनराव वदले. “तुमीच तेवढे पडलात.”

मास्तरांचे तोंडचे पाणी पळाले. भुशातून आपले मुख उचलून फुंकर घातली, आणि बाईंस काय तोंड दाखवावे या विचाराने जीव कासावीस जाहला. मग पुन्हा संगणकावर कूच केले. नवरदेवास चौकटीशी आडव्या पट्टीने जोडून पाहिले, तो खांबास बांधलेला चोर दिसू लागला. मग जोडावयास एकच ठिकाण उरले. मास्तरांनी एकवार मागे वळून पाहिले, बाई स्वयंपाकघरात आहेत याची खात्री केली, कानाच्या पाळ्या लाल जाहल्या, आणि सुटाची बाही पांढरी करून ठिपक्या-ठिपक्याने नवरदेवाचा हात पुढे सरकवीत नेऊन नवरीचे हाती दिला. नवरदेवास जवळ ओढून खांद्यासही खांदा लाविला.

शनिवारी दुपारी नवे लाकूड कापून अंगणात उभे केले. कॅल्विनरावांनी टिचकी मारली. नवरदेव थरथरले, पडले नाहीत.

सालोमीबाई ओले हात पुसत आल्या आणि लाकडाजवळ वाकून पाहू लागल्या. “फोटोत तर हात धरला नव्हता तुम्ही,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी घसा खाकरून निवेदन केले की हे केवळ मजबुतीकरिता आहे. बाईंनी पदराने लाकडी नवरदेवाचे तोंडावरील भुसा पुसला.

फ्लेक्स वटारास परत गेला आणि हल्ली कॅल्विनरावांचेच खुराड्यावर गॉगलसहित विराजमान आहे.

आणि रविवारी मिस्सा चालू असता, पुढील बाकावर, सकल गावासमक्ष, मास्तरांनी बाईंचा हात धरिला. बाई कुजबुजल्या, “सोडा आता, लोक बघतायत.”

“पडेन ना मी,” मास्तर म्हणाले.

सबब हात सोडिला नाही, बाईंनीही सोडविला नाही, आणि येणेप्रमाणे निर्मळची मोहीम फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे.