हाताला येईल अशी घंटी

"माझ्या घरात चोर? येऊन तर दाखवू दे मेल्याला! येईल स्वतःच्या पायांनी, पण जाईल पोलिसांच्या खांद्यावरून!"

कुंदाताई गुप्त्यांनी मुलुंडच्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात पोळ्या लाटता लाटता ही घोषणा केली आणि लाटणं असं आपटलं, की पोळीचा ऑस्ट्रेलिया झाला!

साल असेल पंच्याऐंशी. मुलुंडला तेव्हा दुपारची दारं सताड उघडी असायची. विरजण हवं, शेजारणीच्या घरात जा. फोन करायचाय, शेजारणीच्या घरात जा. अशा त्या भोळ्या इमारतीत समोरच्या मालनचा कुकर चोरीला गेला. ओट्यावरून, आतल्या वरणभातासकट, शिट्टीसुद्धा गार व्हायच्या आत!

कुकर गेला मालनचा, पण संकट आलं कुंदाताईंवर. त्या रविवारी त्यांचा मुलगा नंदकिशोर कांदिवलीहून धावत आला.

"आई, आता बस झालं. तळमजला, त्यात तू एकटी. आमच्याकडे कांदिवलीला चल. हे घर भाड्यानं देऊ. माणूसही बघून ठेवलाय मी."

"कुकर गुरुवारी गेला आणि रविवारी तुझा भाडेकरू तयार? चोरापेक्षा तूच चपळ निघालास की रे!"

"तुझ्या काळजीनंच बोलतोय ना!"

"काळजी आहे ना? मग ऐक. मी चोरघंटी बसवते. दसऱ्याला तू आणि क्षमा जेवायला या आणि आपल्या कानांनी ऐका. पटली, तर कांदिवलीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि नाही पटली तर?"

"तर बांधते बोचकं आणि येते तुझ्यामागून!"

बोलून तर बसल्या! पण नंतर त्यांनी भिंतीवरून हळूच हात फिरवला. या घरातला एकेक खिळा त्यांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतला होता. ते सोडून सुनेच्या दिवाणखान्यात पाहुणीसारखं बसायचं? छे!

आता चोरघंटीची कंपनी निवडायची कशी? कुंदाताईंनी आयुष्यात दोन जावई आणि एक सून निवडली होती. त्यांना निवडीची एकच रीत ठाऊक. आधी पोहे, मग प्रश्न!

पहिलं स्थळ अंधेरीचं. टाय लावलेला, चकचकीत बॅगवाला जयवंत नावाचा तरुण.

"मॅडम, आमचं डिझाइन एकदम फॉरेन. घंटी माळ्यावर, लोखंडी पेटीत. कोणाला दिसणारसुद्धा नाही!"

"दिसणार नाही? मग चोराला कळायचं कसं?"

"तो आत आला की कळेल ना, मॅडम."

"वा रे वा! म्हणजे आधी त्याला घरात घ्यायचं, पाट मांडायचा आणि मग हाकलायचं? आणि हे पोह्यातले दाणे का बाजूला काढलेस?"

"मला दाणे पचत नाहीत."

ज्याला दाणे पचत नाहीत, तो चोराला काय पुरा पडणार! स्थळ नापसंत.

दुसरं स्थळ भांडुपचं. नाव भाऊ. कंपनीचा मालक तोच, फिटर तोच आणि हमालही तोच. त्यानं पोह्यांच्या दोन बश्या रिकाम्या केल्या, चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायला आणि म्हणाला, "मावशी, खिडकीच्या ग्रिलला नुसतं बोट लागू दे. अशी कोकलेल, अशी कोकलेल, की ठाण्याची माणसं चपला न घालता धावत येतील!"

पसंत!

"घंटी वर लावू, सज्ज्याखाली," भाऊ म्हणाला.

"वर नको. बाहेरून, खिडकीशेजारी. माझ्या हाताला येईल अशी."

"हाताला कशाला, मावशी?"

"मग रोज पुसणार कोण? तू येणारेस भांडुपहून फडकं घेऊन? आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं ते काय शिडीवर चढून? या वयात?"

भाऊ काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात पोह्यांची तिसरी बशी आली आणि तो विषय तिथेच संपला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुंदाताई घरोघर फिरल्या. "उद्या आमची घंटी वाजणार आहे हं! कोणी घाबरू नका, काठ्या घेऊन धावू नका. उलट श्रीखंडपुरी खायला या!"

श्रीखंड म्हटल्यावर कोण राहतंय! दसऱ्याला अख्खी इमारत कुंदाताईंच्या घरात. चिंच लावून घासलेली पितळी घंटी बाहेर सोन्यासारखी झळकत होती. तिला कुंकू, झेंडूचा भला मोठा हार. सजवलेली नवरीच जणू! भाऊनं ग्रिलला बोट लावलं मात्र...

ठणाणाणाणा! वरच्या मजल्यावरची प्रेमा जागच्या जागी उडाली. क्षमानं कानांत बोटं घातली. शेजारचा लवू तावडे तर हात जोडून उभा राहिला. "काय आवाज ओ कुंदाताई! मेल्याक सुद्धा जाग येतली!"

"काय मग, नंदू? कांदिवली?" कुंदाताईंनी पदर खोचला.

"ऐकायला झकास आहे गं. पण जेवण होऊ दे, मग सांगतो."

भाऊनं घंटी थांबवून पुन्हा लावून ठेवली. पानं मांडली. पुऱ्या फुगत होत्या, श्रीखंड ओघळत होतं, आणि मध्येच पुन्हा ठणाणाणाणा!

"वाजव रे, भाऊ, वाजव!" कुंदाताई आतून ओरडल्या. "किती हौशी मुलगा बाई!"

घंटी वाजतच राहिली. कोणी पुरीनं ताल धरला. शेवटी नंदकिशोरनं हात जोडले. "हरलो, आई! पुन्हा कांदिवलीचं नाव काढणार नाही. आता ती बंद करायला सांग!"

तेवढ्यात घंटी आपोआप बंद झाली.

"शहाणी आहे माझी घंटी! भाऊ, ये रे, बस आता जेवायला."

"मी बसलोय की मावशी." भाऊ कोपऱ्यातून म्हणाला. त्याच्या मिशांना श्रीखंड लागलं होतं. "मघापासून."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मग एकच पळापळ! बाहेर दोन तुटक्या वायरी वाऱ्यावर हलत होत्या. घंटी गायब! झेंडूचा हार मात्र काढून ग्रिलला नीट अडकवलेला. सणवार पाळणारा चोर होता म्हणायचा!

"आई, चोरघंटीच चोरीला गेली!" नंदकिशोर कपाळाला हात लावून म्हणाला.

"मग? घरातला चमचा तरी गेला का? आणि वाजली की नाही ती? चोराच्या हातातसुद्धा वाजली बिचारी! तू ऐकलीस, तुला पटली, एवढ्या माणसांसमोर शब्द दिलास!"

"दिल्यान! मी आयकलंय!" लवूनं साक्ष दिली.

भाऊनं मान खाली घातली आणि उरलेली पुरी गुपचूप संपवली.

नंदकिशोरनं शब्द मात्र पाळला. कांदिवलीचं नावही काढलं नाही. पुढच्या रविवारी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून पलंग उतरला, कपाट उतरलं, क्षमाचं शिलाई मशीन उतरलं, सगळ्यात शेवटी गादी डोक्यावर घेतलेला नंदकिशोर उतरला.

"तू तिकडे येणार नाहीस आणि तुला एकटीला ठेवून मला झोप लागत नाही. म्हणून आम्हीच आलो."

तेव्हापासून कुंदाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगायच्या, "माझ्या घरातून मला कोणी हलवू शकलं नाही!"

हे त्या सांगायच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली स्वतःचं अंथरूण घालता घालता.